दिलेल्या बिंदूतून जाणाऱ्या लंब रेषेचं समीकरण: पहिल्यांदाच शिकणाऱ्यांसाठी

दहावीच्या भूमितीत गाडी रेषेच्या चढापर्यंत येते आणि परीक्षा संपते. पुढे अकरावीला सायन्स घ्या नाहीतर डिप्लोमाला जा, ‘रेषा’ या प्रकरणात एक प्रश्न हमखास भेटतो: अमुक रेषेला लंब असणारी आणि अमुक बिंदूतून जाणारी रेषा काढा. सदाशिव पेठेत माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या बहुतेक मुलांना याचं सूत्र पाठ असतं, तरी उत्तर चुकतं. आकडेमोड कच्ची असते असं नाही; प्रश्नात दिलेल्या दोन गोष्टींपैकी कोणत्या गोष्टीचा उपयोग कशाला, हेच डोक्यात पक्कं नसतं.

ते आधी पक्कं करू. कुठलीही रेषा ठरवायला दोन गोष्टी लागतात, एक जागा आणि एक दिशा. प्रश्नातला बिंदू तुम्हाला जागा देतो. प्रश्नातली रेषा तुम्हाला दिशा देते, तीही आडून. तिला काटकोनात वळवून घ्यावं लागतं. दिलेल्या रेषेकडून याहून जास्त काही घ्यायचं नाही. ती वर आहे की खाली, अक्षांना कुठे छेदते, बिंदूपासून किती लांब आहे, याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही. खालची प्रत्येक पायरी या एका वाक्यावर उभी आहे.

पुस्तकात चलांसाठी इंग्रजी अक्षरं असतात. इथे मी आडव्या अक्षासाठी क्ष आणि उभ्या अक्षासाठी य वापरतो.

बसण्याआधी

अप्पा बळवंत चौकातून एक आलेखाची वही आणा. कंपासपेटीतले दोन्ही गुण्ये शोधून काढा. एक ४५ अंशांचा, दुसरा ३०-६० चा, पण काटकोन दोघांनाही असतो. हे प्रकरण शिकताना पहिली आठ-दहा गणितं तरी कागदावर रेषा काढूनच सोडवावीत असं माझं ठाम मत आहे. नुसती आकडेमोड करणाऱ्याला उत्तर चुकलं तरी पत्ता लागत नाही. रेषा काढणाऱ्याला ते दिसतं.

एक अट मात्र आहे. दोन्ही अक्षांवर प्रमाण सारखंच घ्या, १ सेंटिमीटर = १ एकक. बाकीचे आलेख काढताना आपण सोयीनुसार एका अक्षावर एक आणि दुसऱ्यावर वेगळं प्रमाण घेतो आणि कोपऱ्यात लिहून मोकळे होतो. इथे ते चालत नाही. समजा आडव्या अक्षावर १ सेंटिमीटर = १ एकक आणि उभ्यावर १ सेंटिमीटर = २ एकक घेतलं. मग २/३ चढाची रेषा कागदावर १/३ चढाची दिसेल, −३/२ चढाची रेषा −३/४ ची दिसेल, आणि गणितात एकमेकींना लंब असलेल्या या रेषा कागदावर काटकोनात दिसणार नाहीत. गुण्या लावून पाहाल तर वाटेल, उत्तर चुकलं. मोबाइलवर जिओजेब्रा वापरत असाल तर तिथेही दोन्ही अक्षांचं प्रमाण १:१ आहे ना ते बघून घ्या. त्यात लंब रेषेचं तयार साधन आहे, बिंदू आणि रेषा निवडली की ती रेषा काढून देतं. पण ते वापरा पडताळ्यासाठी, उत्तर मिळवण्यासाठी नव्हे.

लंब रेषा ‘उभी’ असेलच असं नाही

मुलं लंब म्हटलं की वरून खाली येणारी सरळ रेषा काढतात. धायरी-नऱ्ह्याकडे कुठल्याही बांधकामावर जा, गवंड्याच्या पिशवीत दोन वेगळी हत्यारं दिसतील. ओळंबा सोडला की भिंत जमिनीवर सरळ उभी आहे का ते कळतं. गुण्या लावला की दोन भिंती एकमेकींशी काटकोनात आहेत का ते कळतं, मग त्या भिंती कुठल्याही दिशेला तोंड करून असोत. आपल्या गणितातला लंब म्हणजे गुण्याचं काम. दिलेली रेषा तिरपी असेल तर तिचा लंबही तिरपाच येणार.

पायाची आखणी करताना तेच लोक कोपऱ्यापासून लाईनदोरीच्या एका अंगाला ३ फुटांवर खूण करतात, दुसऱ्या अंगाला ४ फुटांवर, आणि दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर ५ फूट भरलं की कोपरा गुण्यात आला म्हणतात. पायथागोरसच्या प्रमेयाचा हा व्यत्यास. पुढे चढांचा नियम आपण यावरच तपासणार आहोत.

डोळ्यांवर विसंबू नका, हेही इथेच सांगतो. अलका चौकातून लक्ष्मी रस्ता आणि टिळक रस्ता दोन्ही निघतात; त्यांच्यातला कोन काटकोनापेक्षा बराच लहान आहे, पण चौकात उभं राहून विचारलं तर दहा जण दहा अंदाज सांगतील. आकडे मात्र एकच उत्तर देतात.

पायरी पहिली: दिलेल्या रेषेचा चढ

चढ म्हणजे उजवीकडे ठरावीक अंतर गेल्यावर रेषा किती वर गेली याचं गुणोत्तर. वर्गात स्लोप म्हणतील, तो हाच. उजवीकडे ३ घरं जाऊन २ घरं वर गेलो तर चढ २/३. खाली उतरलो तर ऋण.

आपण एक गणित धरून चालू:

बिंदू (५, १) मधून जाणारी आणि २क्ष − ३य + ६ = ० या रेषेला लंब असणारी रेषा काढा.

चढ काढायला य एकटा करा.

−३य = −२क्ष − ६
य = (२/३)क्ष + २

क्षचा सहगुणक हाच चढ, म्हणजे २/३. शेवटचा २ दिसला? रेषा उभ्या अक्षाला कुठे छेदते ते तो सांगतो. तो आपल्या कामाचा नाही, सोडून द्या. बरीच मुलं तो २ उत्तरात ओढून आणतात आणि ‘य = (−३/२)क्ष + २’ असं लिहून मोकळी होतात. ती रेषा लंब आहे खरी, पण (५, १) मधून जात नाही. जागा चुकीच्या माणसाकडून घेतली.

चढ काढण्याचं एक तयार सूत्रही आहे: क्षचा सहगुणक भागिले यचा सहगुणक, आणि पुढे ऋण चिन्ह. इथे −(२)/(−३) = २/३. चिन्हांचा सराव असेल तर वापरा. नसेल तर महिनाभर य एकटा करत राहा, हळूहळू सूत्र आपोआप हाताला बसतं.

पायरी दुसरी: चढ काटकोनात वळवणे

दोन लंब रेषांच्या चढांचा गुणाकार −१ येतो, हे सगळ्यांना पाठ असतं. का येतो, हे विचारलं की शांतता. याला पाच मिनिटं द्या, कारण हे एकदा हाताने करून पाहिलं की ‘उलटवायचं की चिन्ह बदलायचं’ हा गोंधळ पुन्हा होत नाही.

आलेखाच्या वहीवर आरंभबिंदूपासून ३ घरं उजवीकडे आणि २ घरं वर जा. (३, २) वर टिंब द्या, आरंभबिंदूशी जोडा. आता वही टेबलावरच घड्याळाच्या उलट दिशेने पाव वळसा फिरवा. जे आधी उजवीकडे होतं ते आता वर गेलं. जे वर होतं ते डावीकडे गेलं. म्हणजे ‘३ उजवीकडे, २ वर’ या चालीचं झालं ‘३ वर, २ डावीकडे’. वही पुन्हा सरळ करा आणि ही नवी चाल काढा: टिंब पडलं (−२, ३) वर. पहिल्या रेषेचा चढ २/३ होता, नवीचा ३/(−२), म्हणजे −३/२.

बघा काय झालं. आडवं आणि उभं अंतर यांची अदलाबदल झाली, म्हणून अपूर्णांक उलटा झाला. दोनांपैकी एक अंतर विरुद्ध दिशेला गेलं, म्हणून चिन्ह बदललं. वळसा एकच, पण परिणाम दोन, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकदमच कराव्या लागतात. नुसता उलटवून ३/२ लिहिला तर लंब मिळत नाही. नुसतं चिन्ह बदलून −२/३ लिहिला तर आडव्या अक्षात आरशातलं प्रतिबिंब मिळतं, तेही लंब नव्हे.

खरंच काटकोन झाला का, ते गवंड्याच्या रीतीने तपासू. आरंभबिंदूपासून (३, २) च्या अंतराचा वर्ग ९ + ४ = १३. आरंभबिंदूपासून (−२, ३) च्या अंतराचा वर्ग ४ + ९ = १३. दोन टिंबांमधल्या अंतराचा वर्ग: आडवं अंतर ५, उभं अंतर १, म्हणून २५ + १ = २६. आणि १३ + १३ = २६. कोपरा गुण्यात आहे.

३ आणि २ च्या जागी कुठलेही आकडे घेतले तरी हेच घडतं. चाल (अ, ब) असेल तर वळवलेली चाल (−ब, अ). चढ अनुक्रमे ब/अ आणि −अ/ब. गुणाकार −१. सिद्धता एवढीच.

तर आपल्या गणितात लंब रेषेचा चढ −३/२.

पायरी तिसरी: बिंदू घालून समीकरण

जागा आणि दिशा दोन्ही हातात आली. बिंदू आणि चढ माहीत असताना:

य − (बिंदूचा य) = चढ × [क्ष − (बिंदूचा क्ष)]

आकडे घालू.

य − १ = (−३/२)(क्ष − ५)

अपूर्णांक आधी घालवा, दोन्ही बाजूंना २ ने गुणा.

२य − २ = −३क्ष + १५
३क्ष + २य = १७

हेच उत्तर. ३क्ष + २य − १७ = ० असं लिहिलं तरी तेच.

पायरी चौथी: तपासणी, जी कुणी करत नाही

दोन तपासण्या आहेत आणि दोन्ही तोंडी होतात. जागेची: बिंदू उत्तरात घाला. ३ × ५ + २ × १ = १७. बरोबर. दिशेची: दोन्ही समीकरणांतले क्षचे सहगुणक गुणा, यचे सहगुणक गुणा, बेरीज शून्य यायला हवी. २ × ३ + (−३) × २ = ६ − ६ = ०. बरोबर.

ही दुसरी तपासणी फार कामाची आहे, कारण तिच्यात चढ काढावाच लागत नाही. ‘पुढील दोन रेषा लंब असतील तर प ची किंमत काढा’ अशा गणितातही तीच चालते. रेषा प·क्ष + ३य = ५ आणि २क्ष − ६य = १ असतील, तर २प − १८ = ०, प = ९.

जवळची वाट

तपासणीतच एक युक्ती दडलेली आहे. दिलेल्या रेषेचे सहगुणक २ आणि −३. लंब रेषेचे ३ आणि २. म्हणजे सहगुणकांची अदलाबदल आणि एकाचं चिन्ह बदललेलं, बस. चढ, अपूर्णांक, छेद काढून टाकणं, सगळं वगळता येतं. दिलेली रेषा २क्ष − ३य + ६ = ० दिसली की सरळ लिहा:

३क्ष + २य = ?

प्रश्नचिन्हाच्या जागी काय, ते बिंदू सांगतो. (५, १) घाला, १७. संपलं.

मी स्वतः रोजच्या कामात हीच रीत वापरतो. पण मुलांना ती पहिल्या दिवशी देत नाही, आणि तुम्हीही आधीच्या तीन पायऱ्या अंगवळणी पडेपर्यंत थांबा. लेखी परीक्षेत पायऱ्यांना गुण असतात. ‘सहगुणक फिरवले’ एवढंच लिहिलं तर ते गुण मिळतीलच असं नाही. चढ काढून दाखवा, मग हवं तर या रीतीने पडताळा घ्या.

आडवी आणि उभी रेषा: इथे नियम अडतो

दिलेली रेषा य = −२ असेल तर तिचा चढ ० आहे. शून्य उलटवता येत नाही. दिलेली रेषा क्ष = ४ असेल तर तिचा चढच निश्चित करता येत नाही, कारण आडवं अंतर शून्य आणि शून्याने भाग जात नाही. ‘गुणाकार −१’ हा नियम या जोडीला लागूच होत नाही. काही मुलं तरीही १/० लिहून पुढे जातात.

इथे सूत्र बाजूला ठेवून चित्र काढा. आडव्या रेषेचा लंब उभा, उभ्याचा आडवा. य = −२ ला लंब आणि (५, ७) मधून जाणारी रेषा: उभी हवी, (५, ७) मधून जाते, म्हणजे क्ष = ५. तसंच क्ष = ४ ला लंब आणि (−१, ३) मधून जाणारी रेषा य = ३. दोन्ही उत्तरांत बिंदूचा एकच निर्देशक वापरला जातो, दुसरा लागत नाही. एवढ्या सोप्या गणिताला मुलं बिचकतात ती फक्त सूत्र चालत नाही म्हणून.

रेषेऐवजी दोन बिंदू दिले असतील तर

अ(−१, २) आणि ब(३, −४) यांना जोडणाऱ्या रेषेला लंब, प(२, −३) मधून. आधी अबचा चढ: (−४ − २)/(३ − (−१)) = −६/४ = −३/२. लंबाचा चढ २/३. आता बिंदू घालताना सांभाळा. बिंदूचा य निर्देशक −३ आहे, म्हणून डावी बाजू य − (−३), म्हणजे य + ३.

य + ३ = (२/३)(क्ष − २)
३य + ९ = २क्ष − ४
२क्ष − ३य = १३

तपासणी: २ × २ − ३ × (−३) = ४ + ९ = १३.

मला दिसणाऱ्या चुकांपैकी बहुतांश या ऋण निर्देशकापाशी होतात. उपाय कंटाळवाणा आहे पण रामबाण: ऋण संख्या घालताना कंस घाला, आणि कंस पुढच्या ओळीत सोडवा, त्याच ओळीत नको.

जवळची वाट इथेही आहे, आणि ती आणखी सुटसुटीत आहे. अ पासून ब पर्यंतची चाल ४ उजवीकडे, ६ खाली, म्हणजे (४, −६). लंब रेषेचे सहगुणक नेमके हेच: ४क्ष − ६य = ?, आणि २ ने भागून २क्ष − ३य = ?. बिंदू घातला की १३. चालीचे आकडे उचलून सहगुणकांच्या जागी ठेवायचे, अदलाबदल नाही, चिन्ह बदलणं नाही. रेषेच्या समीकरणातले सहगुणक तिच्या लंबाची दिशा दाखवतात, म्हणून हे जमतं.

लंबदुभाजकही याच रीतीने निघतो, फक्त बिंदू आपण स्वतः काढायचा: रेषाखंडाचा मध्यबिंदू. (१, २) आणि (७, ४) यांचा मध्यबिंदू (४, ३), चाल (६, २), म्हणजे सहगुणक ३ आणि १; उत्तर ३क्ष + य = १५. या रेषेवरचा कुठलाही बिंदू दोन्ही टोकांपासून सारख्या अंतरावर. खात्री करायची तर (५, ०) घ्या: पहिल्या टोकापासून अंतराचा वर्ग १६ + ४ = २०, दुसऱ्यापासून ४ + १६ = २०. पुण्याच्या नकाशावर दोन मेट्रो स्थानकं जोडून असा लंबदुभाजक काढला, तर तुमची खोली रेषेच्या ज्या बाजूला त्या बाजूचं स्थानक सरळ अंतराने जवळचं. पेठांमधल्या बोळांतून चालत जायला मात्र कुठलं जवळ पडेल, ते हे गणित सांगणार नाही.

लंबपाद आणि अंतर

पुष्कळदा प्रश्न समीकरणावर थांबत नाही. लंब दिलेल्या रेषेला जिथे मिळतो तो बिंदू, म्हणजे लंबपाद, विचारतात. दोन समीकरणं एकसामयिक सोडवायची, दहावीच्या बीजगणितात केली तशीच.

२क्ष − ३य = −६
३क्ष + २य = १७

पहिल्याला २ ने, दुसऱ्याला ३ ने गुणून मिळवा: १३क्ष = ३९, क्ष = ३, य = ४. लंबपाद (३, ४). मूळ बिंदू (५, १) पासून त्याचं अंतर √(४ + ९) = √१३, आणि हेच बिंदूचं रेषेपासूनचं सर्वांत कमी अंतर.

तो १३ कुठून आला ते पाहा. २ चा वर्ग अधिक ३ चा वर्ग. लंब रेषांची जोडी सोडवताना क्षसमोर प्रत्येक वेळी सहगुणकांच्या वर्गांची बेरीजच येते. ती कधी शून्य होत नाही, म्हणून लंबपाद हमखास मिळतो. अंतराच्या सूत्रात छेदस्थानी जे वर्गमूळ असतं, तेही याच बेरजेचं.

बिंदू आधीच दिलेल्या रेषेवर असेल तर? काही बदलत नाही. वरच्याच रेषेला (३, ४) मधून लंब काढा, पुन्हा ३क्ष + २य = १७ येईल. यायलाच हवं.

एक पूर्ण उदाहरण: १३, १४, १५ चा त्रिकोण

भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त, म्हणजे ११५० साली, त्रिकोणाचा लंब काढायला १४ पाया आणि १३, १५ बाजू असलेला त्रिकोण दिला आहे. त्यांच्या रीतीने पायाचे दोन तुकडे, आबाधा, ५ आणि ९ येतात आणि लंब १२. निर्देशक भूमिती तेव्हा नव्हती. आपण तोच त्रिकोण आलेखावर ठेवू: ब(०, ०), क(१४, ०), अ(५, १२). अब = √(२५ + १४४) = १३, अक = √(८१ + १४४) = १५. जमलं.

आता तिन्ही शिरोलंब काढू. अ मधून बक वर: बक आडवी आहे, म्हणून लंब उभा, क्ष = ५.

ब मधून अक वर: अ पासून क ची चाल (९, −१२), ३ ने भागून (३, −४). म्हणून ३क्ष − ४य = ?, आणि ब आरंभबिंदू आहे म्हणून ३क्ष − ४य = ०.

क मधून अब वर: ब पासून अ ची चाल (५, १२). ५क्ष + १२य = ?, क(१४, ०) घातला की ७०.

पहिल्या दोन रेषा सोडवा. क्ष = ५, मग ४य = १५, य = १५/४. हा बिंदू तिसरीत घाला: २५ + ४५ = ७०. तिन्ही शिरोलंब एकाच बिंदूत भेटले, शिरोलंबसंपात (५, १५/४). हे एक गणित वहीत सावकाश, रेषा काढून करा. आडव्या रेषेचा अपवाद, दोन बिंदूंची रीत, छेदनबिंदू, सगळं त्यात आहे. आणि ज्यांना हे करताना मजा येते, त्यांनी लॉ कॉलेज रस्त्याच्या बाजूला असलेलं भास्कराचार्य प्रतिष्ठान माहीत करून घ्यावं. गणिती श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ साली सुरू केलेली ही संस्था शाळकरी मुलांची ऑलिंपियाडची तयारीही करून घेते.

पुढे वर्तुळाच्या प्रकरणात स्पर्शिका येते, तिथेही हेच. स्पर्शिका स्पर्शबिंदूतून जाणाऱ्या त्रिज्येला लंब, हे दहावीतलं प्रमेय. केंद्र आरंभबिंदूवर, त्रिज्या ५, स्पर्शबिंदू (३, ४): त्रिज्येची चाल (३, ४), म्हणून स्पर्शिका ३क्ष + ४य = २५. रेने देकार्त यांनी १६३७ साली बीजगणित आणि भूमितीची सांगड घातली, तेव्हा वक्रावरच्या बिंदूतून वक्राला लंब काढणं हा त्यांनी सर्वांत उपयोगी प्रश्नांपैकी एक मानला होता. बारावीत अवकलन आल्यावर तो प्रश्न पुन्हा भेटेल. चढ काढायची रीत बदलेल, वळवायची तीच राहील.

सीईटीत वेळ कसा वाचवायचा

गणिताच्या ५० प्रश्नांना ९० मिनिटं, तेव्हा पायऱ्या लिहीत बसायचं नाही. पर्यायच तपासायचे. उदाहरणार्थ, (−१, ४) मधून जाणारी, ५क्ष + २य = ७ ला लंब रेषा कोणती?

(१) २क्ष + ५य − १८ = ०
(२) ५क्ष + २य − ३ = ०
(३) २क्ष − ५य + १८ = ०
(४) २क्ष − ५य + २२ = ०

दिशेची तपासणी आधी. पहिल्यात ५ × २ + २ × ५ = २०, गेला. दुसरा तर समांतर आहे. तिसरा आणि चौथा दोन्ही लंब, आता बिंदू घाला: −२ − २० = −२२, म्हणून चौथा. गंमत अशी की पहिले दोन पर्यायही (−१, ४) मधून जातात. चिन्ह बदलायला विसरणाऱ्यासाठी पहिला, लंब आणि समांतर यांत घोटाळा करणाऱ्यासाठी दुसरा, अशी सोय करून ठेवलेली असते. नुसता बिंदू घालून ‘शून्य आलं, हेच उत्तर’ म्हणणारा पहिल्याच पर्यायावर अडकतो. म्हणून दिशा आधी, जागा नंतर.

सरावासाठी

आधी स्वतः सोडवा, रेषा काढा, मग खाली बघा.

१. (−२, ५) मधून जाणारी, ४क्ष + य = ९ ला लंब.
२. आरंभबिंदूतून जाणारी, (२, ७) आणि (५, १) यांना जोडणाऱ्या रेषेला लंब.
३. (−३, ८) मधून जाणारी, य = ६ ला लंब.
४. (१, ६) पासून क्ष + २य = ३ वरचा लंबपाद. तो मिळाला की (१, ६) चं या रेषेतलं प्रतिबिंबही काढा. लंबपाद त्या दोघांचा मध्यबिंदू असतो.

उत्तरं: १. क्ष − ४य = −२२. २. क्ष − २य = ०. ३. क्ष = −३. ४. लंब २क्ष − य = −४, लंबपाद (−१, २), प्रतिबिंब (−३, −२).